दर्या, दऱ्या आणि मराठीचे प्राध्यापक

मराठी भाषेच्या चर्चासत्रांत दुपारच्या सत्राला एक वाक्य हमखास उच्चारले जाते : संगणकाने मराठीची वाट लावली. वक्ता बदलतो, सभागृह बदलते, वाक्य तेच राहते. त्यापाठोपाठ शासनाने काय काय करावे याची यादी येते, ठराव होतो आणि चहा येतो. या वाक्यावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की ते अर्धसत्य आहे. दुसरा अधिक गंभीर आहे. संगणकावरची मराठी जिथे प्रत्यक्ष घडते-बिघडते, आणि जिथे कोणालाही, अगदी मराठीच्या प्राध्यापकालाही, विनाशुल्क आणि विनाशिफारस जाऊन बसता येते, त्या जागी ही वाक्ये उच्चारणारी मंडळी फिरकत नाहीत.

ती जागा म्हणजे मुक्तस्रोत कार्यालयीन सॉफ्टवेअरची प्रकाशनपूर्व चाचणी. आम्ही बोलत आहोत ते लिब्रेऑफिसविषयी. त्याची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढच्या वादात तिचा उपयोग आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस हा मूळपुरुष. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० साली तिची संहिता खुली केली, त्यातून ओपनऑफिस.ऑर्ग जन्मले. २०१० च्या आरंभी ओरॅकलने सनलाच गिळले. नव्या मालकाच्या हेतूंविषयी शंका आल्याने त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंसेवकांच्या मोठ्या गटाने डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली, खुली संहिता उचलली आणि लिब्रेऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. जानेवारी २०११ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. तेव्हापासून वर्षाला साधारण दोन मोठ्या आवृत्त्या निघतात. २०२४ पासून त्यांना वर्ष-महिन्यांचेच क्रमांक देतात, २४.२, २४.८ असे.

प्रत्येक आवृत्ती प्रकाशित होण्याआधी काही आठवडे तिचे कच्चे खर्डे सर्वांसाठी ठेवले जातात. आधी अल्फा, मग बीटा, मग ‘रिलीज कँडिडेट’ म्हणजे जवळजवळ पक्की प्रत. अल्फा आणि बीटा संगणकावरच्या नेहमीच्या आवृत्तीला धक्का न लावता शेजारी स्वतंत्रपणे बसतात, त्यामुळे ‘माझे प्रबंध उडाले तर?’ ही सबब चालत नाही. (पक्क्या प्रती मात्र जुन्या आवृत्तीची जागा घेतात, तेव्हा तिथे जपून.) कोणीही हे खर्डे उतरवावेत, रोजचे काम त्यांत करून पाहावे, बिघाड दिसला तर सार्वजनिक दोषनोंदवहीत नोंदवावा, अशी अपेक्षा असते. आज्ञावली लिहिता येण्याची अट नाही. अट आहे ती नीट पाहता येण्याची आणि पाहिलेले नीट सांगता येण्याची. म्हणजे ज्या दोन गोष्टी शिकवल्याबद्दल आम्हा लोकांना वेतन मिळते, त्याच.

मराठी वाचकावाचून जे दोष कोणालाही दिसणार नाहीत, त्यांचे उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना नमस्कार’ आणि ‘आचाऱ्यांना नमस्कार’ यांत पंगतीपुरता तरी फरक आहे. हा फरक ज्या अर्ध्या ‘र’वर उभा आहे तो युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडणे हा एक. साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देणे हा दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका मार्गाने लिहिलेला ‘दऱ्या’ शोधायला सांगितला तर दुसऱ्या मार्गाने लिहिलेला सापडेलच असे नाही. एखादी नवी आवृत्ती ते न दिसणारे चिन्ह कुठे गाळून बसली, तर दऱ्यांचा दर्या होतो, आणि बर्लिनमध्ये किंवा डब्लिनमध्ये बसलेल्या अत्यंत कर्तव्यदक्ष परीक्षकाला त्यात काही वावगे दिसत नाही. त्याच्या दृष्टीने देवनागरी उमटली, रेघ सलग आहे, काम झाले.

‘ॲ’ची कथा याहून मनोरंजक आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, ०९७२ या क्रमांकावर. तोपर्यंत मराठी माणूस थांबला नव्हता. कोणी ‘अ’वर चंद्र ठेवत होते, कोणी ‘ऍ’ वापरत होते. आंतरजालावरचे त्या दशकातले मराठी लेखन उघडले की ‘ऍसिड’ आणि ‘ऍडमिशन’ पानोपानी भेटतात. आज एकाच शब्दाची तीन रूपे साठवणीत आहेत आणि त्यांतली कुठलीही दोन यंत्राच्या लेखी आपोआप समान नाहीत. शोध, अकारविल्हे, शब्दतपासणी या तिन्ही ठिकाणी याचे परिणाम होतात. यावर काय करावे, तीनही रूपे एकच मानावीत की जुनी रूपे चुकीची म्हणून अधोरेखित करावीत, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो लेखनपद्धतीचा प्रश्न आहे, आणि त्यावर बोलण्याचा पहिला अधिकार आमच्याच विषयाचा आहे.

अकारविल्ह्याचेही तसेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ बसला आहे ‘ल’च्या शेजारी, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी यावा की ‘काहूर’नंतर, हे ज्याने एकदा तरी ग्रंथाची शब्दसूची हाताने लावली आहे त्याला विचारावे. २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. ही वळणे आणि हिंदीची वळणे यांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नाहीत. मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरने टंकाला कळवायचे, आणि टंकात सोय असेल तर टंकाने वळण बदलायचे, अशी ही साखळी आहे. शासननिर्णय निघाला म्हणून ती साखळी चालत नाही. दर आवृत्तीत ती तुटलेली नाही ना, हे कोणी तरी बसून पाहावे लागते.

आता पाहणे म्हणजे काय? ‘मराठी नीट दिसत नाही, कृपया दुरुस्त करावे’ ही नोंद नव्हे; ते वर्तमानपत्रातले वाचकाचे पत्र झाले. नोंद अशी असते : सॉफ्टवेअरची आवृत्ती अमुक, संगणकप्रणाली अमुक, टंक अमुक, नवा दस्तऐवज उघडला, मजकुराची भाषा मराठी निवडली, या क्रमाने या कळा दाबल्या, हे दिसायला हवे होते, हे दिसले, मागच्या आवृत्तीत बरोबर दिसत होते, सोबत नमुन्याची फाइल आणि पडद्याचे चित्र. नोंद आली की ती ‘अपुष्ट’ म्हणून पडून राहते. दुसऱ्या कोणाला तरी आपल्या संगणकावर तेच घडवून दाखवावे लागते, तेव्हा कुठे ती खरी नोंद ठरते. इथे आमच्या भाषेची गोची आहे. मराठीविषयीची नोंद पुष्ट करायला दुसरा मराठी वाचक लागतो. एकटा माणूस कितीही तळमळीचा असला तरी तो तक्रारदारच राहतो. पुढे कोणी खुलासा विचारला आणि काही महिने उत्तर गेले नाही, तर नोंद अपुऱ्या माहितीमुळे बंद होते. यात कोणाचे मराठीवर वैर नसते.

या शिस्तीशी आमच्या विषयाचे नाते अगदी जवळचे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे प्रकाशन पुरे झाले. देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहायचे, भेद टिपायचे, अशुद्धी कोणत्या शाखेत शिरली हे शोधायचे, आणि हे सारे असे नोंदवायचे की दुसऱ्या अभ्यासकाला तपासता यावे. सॉफ्टवेअरच्या परीक्षकांपाशी नेमके याच कामाचे एक साधन आहे. एखादी गोष्ट पूर्वी चालत होती आणि आता चालत नाही, असे आढळले की मधल्या काळात बांधलेल्या प्रतींचा साठा घ्यायचा, मधोमध एक प्रत उघडायची, तिथे दोष आहे की नाही ते पाहायचे, मग उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. हजार प्रती असल्या तरी दहा वेळा पाहून बिघाड नेमका कोणत्या बदलाने शिरला तिथवर पोचता येते. आज्ञावलीची एकही ओळ वाचता न येणाऱ्या माणसालाही हे जमते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला तर ते सवयीचेच वाटावे. आणि तरीही आमचे सहकारी म्हणतात, ते तंत्रज्ञांचे काम.

‘संगणक हे केवळ साधन आहे, साहित्याच्या माणसाने साधनात अडकू नये,’ हे त्याच भूमिकेचे सोज्ज्वळ रूप. टाक आणि दौत ही साधने होती हे मान्य. पण टाकाला जोडाक्षराविषयी मत नव्हते. सॉफ्टवेअरला असते, अक्षर कुठे तोडायचे, ओळ कुठे मोडायची, कोणता शब्द चूक म्हणून लाल रेघेने दाखवायचा, हे ते ठरवत असते. मत असलेल्या साधनाशी वाद घालावा लागतो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या ग्रंथांचा लौकिक सुबक खिळ्यांइतकाच मुद्रिते वाचणाऱ्या शास्त्र्यांमुळे झाला. त्या शास्त्र्यांना खिळ्यांच्या पेटीचा विटाळ झाल्याचे ऐकिवात नाही.

या अलिप्ततेची किंमत एकदा मोजून झाली आहे. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर गेली तेव्हा प्रत्येक विक्रेत्याचा टंक आपापल्या संकेताने चाले. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच चिन्ह असे. त्या टंकांत जुळवलेले ग्रंथ छापून सुंदर दिसले. पण आज त्यांच्या फाइली उघडल्या, किंवा त्या काळातल्या प्रबंधाच्या पीडीएफमधून एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला, की हाती येतो तो रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा. मराठीच्या कित्येक वर्षांच्या लेखनाला असे मुके करून ठेवले आहे. त्या वेळी एखाद्या अभ्यासकाने हरकत घेतली असती तरी ऐकणार कोण होते? संकेत खाजगी होते, दार बंद होते. आज दार उघडे असताना बाहेर उभे राहणाऱ्यांना ही सबब उपलब्ध नाही.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा. हे सारे फुकटचे श्रम आहेत. कंपन्या त्यावर सेवा विकतात, नफा कमावतात, आणि स्वयंसेवकाला आभाराची एक ओळ मिळते. हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. लिब्रेऑफिसच्या संहितेतला मोठा वाटा पगारी प्रोग्रॅमरांचा आहे, त्यांना नोकरी देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्या कंपन्यांना ग्राहक आहेत. न पाहिलेल्या श्रमावर व्यवसाय उभा राहतो तेव्हा काय होते हेही दिसले आहे : २०१४ साली उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष निम्म्या जगाच्या व्यवहारांना कुलूप घालणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त संहितेत दोनेक वर्षे बिनबोभाट बसून होता. खुले आहे म्हणजे कोणी तरी पाहिले असेल, ही श्रद्धा बरी नव्हे.

पण फुकटचे श्रम आणि वेठ यांत फरक करायला हवा. वेठीला निघून जाण्याची मुभा नसते. २०१० मध्ये स्वयंसेवक ओरॅकलच्या घरातून निघाले ते रिकाम्या हाताने निघाले नाहीत. दहा वर्षांची संहिता, त्यात मिसळलेल्या त्यांच्या साऱ्या दुरुस्त्या घेऊन निघाले, आणि मालकाला ते कायद्याने अडवता आले नाही, कारण परवान्यातच तशी तरतूद होती. २०२३ साली रेड हॅट या मोठ्या कंपनीने आपल्या लिनक्सच्या पुढच्या आवृत्त्यांसाठी लिब्रेऑफिसची बांधणी थांबवत असल्याचे जाहीर केले. कंपनीने वाट बदलली. तिच्या लोकांनी वर्षानुवर्षे केलेले काम मात्र सर्वांसाठी जागच्या जागी राहिले. आमचा आक्षेपकांना उलट प्रश्न आहे. बंदिस्त सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे, त्यातले मराठीचे दोष मुकाट सोसायचे, आणि कधी कळवलेच तर ती माहिती त्या कंपनीच्या खाजगी वहीत जमा व्हायची, याला ते काय म्हणतात? ते श्रम फुकट नाहीत, एवढे खरे. त्यांचे तर आपणच पैसे भरतो.

ज्या भाषांनी हे ओळखले त्यांचे काय झाले ते पाहावे. इंग्रजीसाठी बेतलेली जुनी शब्दतपासणी हंगेरियन भाषेपुढे लटपटत होती, कारण हंगेरियन शब्दाला मागून प्रत्ययांची माळ लागते. लास्लो नेमेथ यांनी आपल्या भाषेसाठी नवी यंत्रणा रचली, ती हन्स्पेल. २००६ मध्ये ती ओपनऑफिसमध्ये आली, आज ती फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे. आपल्या ‘घरासमोरच्यांनाही’ या एका शब्दात सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, प्रत्ययावर प्रत्यय, आणि वर अव्यय, एवढे सगळे आहे. ते ओळखण्याची थोडीफार सोय आज यंत्रात आहे ती हंगेरियन माणूस आपल्या भाषेसाठी हटून बसला म्हणून. १९६२ चे लेखननियम आणि १९७२ मधली भर कंठस्थ असलेल्या आमच्या विद्वानांनी त्या यंत्रात ‘फूल’चे ‘फुलाचा’ करणारा नियम बरोबर बसला आहे का, हे तपासायला किती संध्याकाळी दिल्या?

शेजारी केरळ आहे. तिथे १९७१ च्या लिपिसुधारणेने टंकलेखनयंत्राच्या सोयीसाठी मलयाळम जोडाक्षरे मोडली. १९९९ मध्ये ‘रचना’ चळवळीने संगणकाच्या आधारे जुनी लिपी परत आणण्याचा घाट घातला, पुढे स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगच्या मंडळींनी टंक घडवले, आणि चिल्लु अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक द्यावेत की नाही यावर तिथे इतके कडाक्याचे भांडण झाले की २००८ मध्ये क्रमांक मिळाल्यावरही ते शमले नाही. आमच्या अर्ध्या ‘र’साठी असे कोणी भांडल्याचे आम्हाला स्मरत नाही. भाषेवरच्या प्रेमाची ती पातळी आम्हाला हेवा वाटावी अशी वाटते.

विद्यापीठीय व्यवस्थेविषयी थोडे. अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या कामाला गुणांचे कोष्टक लावले. २०१८ मध्ये ते बदलले. शोधनिबंधाला गुण आहेत, ग्रंथाला आहेत, भाषांतराला आहेत, ई-आशयाला आहेत. पंधरा पुष्ट दोषनोंदींना शून्य. कोणीही न वाचलेल्या निबंधाने पदोन्नती पुढे सरकते, आणि ज्या नोंदीमुळे पुढचा प्रत्येक मराठी प्रबंध शोधता येईल तिच्यासाठी कोष्टकात रकाना नाही. म्हणून तरुण सहकारी या कामाकडे वळत नाहीत, हे आम्ही समजू शकतो. ज्यांची शेवटची पदोन्नती होऊन गेली आहे त्यांचे काय, हे मात्र समजत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता हे सारे आपोआप करील, असे सांगणारेही भेटतात. ती ज्या मजकुरावर पोसली जाते त्यात ‘ॲ’ तीन प्रकारांनी आणि अर्धा ‘र’ दोन प्रकारांनी लिहिलेला आहे. यापलीकडे या मुद्द्यावर वेळ घालवण्याची आमची इच्छा नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्यानंतरच्या समित्या, परिसंवाद, गौरवग्रंथ यांना आमचा विरोध नाही. आमची मागणी अगदी किरकोळ आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात जिथे जिथे मुद्रितशोधन शिकवले जाते, तिथे वर्षानुवर्षे तोच जीर्ण उतारा देऊन काकपद आणि डिलीटची खूण गिरवून घेण्याऐवजी एका सत्रात प्रकाशनपूर्व बीटा समोर ठेवावा. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने दोष शोधावा, दुसऱ्याने तो आपल्या यंत्रावर घडवून पुष्ट करावा. इंग्रजीत पाच ओळींची नेमकी नोंद लिहिण्याचा सराव होईल तो वेगळाच; आमच्या विद्यार्थ्यांना त्याची गरज आहे हे कोणी नाकारणार नाही.

आम्ही यासाठी दोन पानांची एक चाचणी-फाइल केली आहे. तीत दर्या आणि दऱ्या आहेत, तऱ्हा आहे, वाङ्मय आणि उद्घाटन आहे, ‘ळ’ची अकारविल्हे लावण्यासाठी चाळीस शब्दांचा तक्ता आहे, मराठी आणि रोमन मजकूर एकाच ओळीत मिसळलेली पाच वाक्ये आहेत. कारण लिब्रेऑफिसमध्ये या दोन लिप्यांचे टंक आणि आकार वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात आणि ओळीची उंची तिथेच बिघडते. फक्त ‘ऍ’ तीत घ्यावा की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. आमच्यातला एक पक्ष म्हणतो, ते मराठीचे अक्षरच नव्हे, त्याची चाचणी घेणे म्हणजे त्याला मान्यता देणे. दुसरा म्हणतो, ज्या अक्षरात एका दशकाचे लेखन झाले ते वाचता आलेच पाहिजे. पुढचा बीटा येईपर्यंत फाइलच्या दोन प्रती ठेवल्या आहेत.